परदेशी फेलोशिप : आधी तारखा मोजा, मग अर्ज उघडा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

संशोधनासाठी परदेशी जाण्याच्या फेलोशिपांवर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. बरीच पत्रे 'फॉर्म कसा भरायचा' असे विचारणारी होती. फॉर्म भरणे त्यातल्या त्यात सोपे आहे. अर्ज बाद होतो तो बहुतेक वेळा त्याच्या आधीच, कॅलेंडरवर. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपचे आकडे २०२५ च्या कॉलचे, म्हणजे त्या वर्षी मागवलेल्या अर्जांच्या फेरीचे आहेत. तुमच्या वर्षाची मूळ पुस्तिका उघडून ते पडताळून घ्या.

प्रश्न : मी मे २०२५ पासून जर्मनीत पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) आहे. माझ्या सध्याच्याच प्राध्यापकांकडे राहून सप्टेंबर २०२६ मध्ये मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी अर्ज करायचा विचार आहे. चालेल का?
— वाचक, मूळ गाव पुणे

नाही. या फेलोशिपची स्थलांतराची अट अशी आहे : अर्जाच्या अंतिम तारखेच्या लगेच आधीच्या ३६ महिन्यांत, ज्या देशात फेलोशिप घ्यायची आहे तिथे तुम्ही एकूण १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा तिथे मुख्य काम केलेले नसावे. तुमचे मे २०२५ ते सप्टेंबर २०२६ हेच सोळा महिने होतात. महिने सलग असावे लागत नाहीत, बेरीज होते. म्हणजे २०२३ च्या अखेरीस दोन महिने पाहुणे संशोधक म्हणून जर्मनीला गेला असाल, तर तेही धरले जातील. सुट्टीतली भटकंती, सक्तीची लष्करी सेवा आणि निर्वासित दर्जाच्या प्रक्रियेत गेलेला काळ तेवढा मोजत नाहीत.

ही अट देशाला आहे, खंडाला नाही. जर्मनीत सोळा महिने राहिलेला माणूस नेदरलँड्स, फ्रान्स किंवा स्पेनमधल्या संस्थेकडून बिनदिक्कत अर्ज करू शकतो. ब्रिटन १ जानेवारी २०२४ पासून युरोपच्या या कार्यक्रमाशी पुन्हा जोडले गेले आहे आणि स्वित्झर्लंडही २०२५ च्या कॉलपासून आत आले आहे, तेव्हा पर्याय कमी नाहीत. नागरिकत्वाची अट युरोपीय प्रकाराला नाहीच. 'ग्लोबल' नावाचा दुसरा प्रकार मात्र युरोपीय संघाच्या किंवा जोडलेल्या देशांच्या नागरिकांना आणि दीर्घकालीन रहिवाशांनाच खुला आहे. भारतीय अर्जदार दरवर्षी चुकून त्यात शिरतात.

ज्यांना जर्मनीतच राहायचे आहे त्यांनी उलटा हिशेब करावा. बारा महिने उलटायच्या आत जी अंतिम तारीख येते तीच तुमची शेवटची संधी. अट अंतिम तारखेला तपासली जाते, त्यामुळे अर्ज दिल्यानंतर निकालापर्यंत त्याच देशात राहिलात तरी अडत नाही. नवी नोकरी स्वीकारताना रुजू होण्याची तारीख दोन महिने मागेपुढे करता येत असेल, तर हा हिशेब आधी मांडा आणि मगच हो म्हणा.

दुसरी तारीख पीएचडीची. अंतिम तारखेपर्यंत पीएचडी हातात हवी. व्हायवा (तोंडी परीक्षा) यशस्वी झाला आहे, पदवीदान समारंभ व्हायचा आहे, असे असेल तर चालते. नुसती थीसिस सादर केलेली असेल तर चालत नाही. आपल्या विद्यापीठांत थीसिस सादर होणे आणि व्हायवा यांच्यात कित्येक महिने जातात. त्यामुळे जूनमध्ये थीसिस दिली आणि सप्टेंबरात अर्ज, हे गणित जमेलच असे धरू नका. व्हायवा झाल्या झाल्या विद्यापीठाकडून अधिसूचना किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र घ्या. त्यावरची तारीख पुढे अनेकदा लागते, कारण पीएचडीनंतरच्या संशोधन अनुभवाची कमाल आठ वर्षांची मर्यादाही तिथूनच मोजतात. संशोधनाबाहेर घालवलेली वर्षे आणि करिअरमधला खंड त्या आठांतून वजा होतो. बाळंतपणासाठी किंवा आजारपणासाठी थांबलेल्यांनी त्याची कागदपत्रे जपून ठेवावीत.

प्रश्न : यजमान प्राध्यापक कसा शोधायचा? मी जवळजवळ शंभर ईमेल पाठवले, चार उत्तरे आली, चारही नकार.
— वाचक, सांगली

शंभर ईमेल पाठवलेत म्हणजे मजकूर एकच असणार, आणि वाचणाऱ्याला तो दुसऱ्या ओळीत कळतो. सहा-सात प्रयोगशाळा निवडा. प्रत्येकीचे गेल्या तीन वर्षांतले दोन-तीन पेपर खरोखर वाचा आणि मग लिहा. ईमेल दीडशे ते दोनशे शब्दांचा पुरे : तुम्ही कोण, पीएचडीत नेमके काय शोधले, त्यांच्या कोणत्या कामाला तुमची कोणती पद्धत जोडता येईल, आणि अगदी सरळ प्रश्न, 'या वर्षीच्या मारी क्युरी कॉलसाठी तुम्ही मला यजमान म्हणून आधार द्याल का?' सोबत दोन पानी सीव्ही आणि एक पानी संशोधन कल्पना. 'रिस्पेक्टेड सर' आणि पुढे तीन ओळी स्तुती हा आपला शिष्टाचार तिकडे उपयोगी पडत नाही. डॉक्टर अमुक किंवा प्रोफेसर तमुक, एवढे संबोधन पुरते.

वेळ महत्त्वाची आहे. अंतिम तारीख साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असते, पण बऱ्याच संस्था मार्च ते जूनदरम्यान इच्छुकांकडून अंतर्गत अर्ज मागवून चाळणी लावतात. त्यांच्या जाहिराती युरॅक्सेस या युरोपीय आयोगाच्या पोर्टलवर येतात. अशा संस्थेत शिरलात तर तिच्या अनुदान कार्यालयाची मदत मिळते : मसुदा तपासणारी माणसे, प्रशिक्षण, कधी आधीच्या यशस्वी अर्जांचे नमुने. या मदतीने फार फरक पडतो. तेव्हा पहिला ईमेल फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवा. ऑगस्टमध्ये युरोप सुट्टीवर असतो. एका कॉलला एका संशोधकाचा एकच अर्ज चालतो, म्हणून दोन प्राध्यापकांना एकाच वर्षीचा होकार देऊन ठेवू नका.

पोर्टलवर 'मुख्य संपर्क' म्हणून पर्यवेक्षक प्राध्यापक असावा लागतो, तुम्ही नाही. पुष्कळ जण उत्साहाने स्वतःच्या नावाने अर्ज उघडतात आणि शेवटच्या आठवड्यात सगळे पुन्हा भरत बसतात. प्राध्यापकांनी संस्थेचा नऊ आकडी ओळख क्रमांक टाकून अर्ज उघडायचा आणि तुम्हाला आत घ्यायचे. शेवटची वेळ ब्रसेल्सची संध्याकाळी ५, म्हणजे सप्टेंबरमध्ये आपली रात्री साडेआठ. अर्ज आदल्या दिवशी एकदा सादर करून ठेवा. अंतिम वेळेपर्यंत सुधारित प्रत कितीही वेळा चढवता येते, शेवटची ग्राह्य धरतात.

प्रश्न : मागच्या कॉलमध्ये मला ८८.२ गुण मिळाले, तरी निवड झाली नाही. परीक्षकांच्या शेऱ्यांत फारसे वाईट काहीच नाही. चुकले काय आणि आता काय करू?
— वाचक, कोल्हापूर

चुकले असे म्हणण्यापेक्षा गर्दी झाली. २०२४ च्या कॉलला १०,३६० अर्ज आले होते आणि १,६९६ जणांना फेलोशिप मिळाली. २०२५ मध्ये अर्ज १७,०५८ वर गेले. अशा गर्दीत ९० च्या वरचे गुणही अनेक विषयगटांत कमी पडतात. म्हणून शेरे वाचताना शिव्या शोधू नका. 'तथापि', 'पुरेसे स्पष्ट केलेले नाही' असे अर्धवट शब्द शोधा. गुण तिथे गळालेले असतात.

गणित असे आहे. प्रत्येक निकषाला ५ पैकी गुण. उत्कृष्टतेचा भार ५० टक्के, परिणामाचा ३०, अंमलबजावणीचा २०. समजा ४.६, ४.५ आणि ४.४ मिळाले, तर ४६ अधिक २७ अधिक १७.६, म्हणजे ९०.६. उत्कृष्टतेत ०.१ वाढला की एकूणात एक गुण वाढतो, परिणामात तेवढ्यानेच ०.६, अंमलबजावणीत ०.४. यावरून लोक सगळे लक्ष पहिल्या भागावर देतात, आणि इथेच फसतात. विज्ञानाची कल्पना आधीच ४.७ ला असेल तर ती ४.८ करायला रक्त आटवावे लागते. दुर्लक्षित परिणाम आणि अंमलबजावणीचे भाग मात्र ४.२ वरून ४.७ ला दोन आठवड्यांत जातात, कारण तिथे उणीव असते ती तपशिलाची.

आपल्याकडच्या अर्जांत वारंवार दिसणाऱ्या उणिवा सांगतो.

पर्यवेक्षणाच्या भागात प्राध्यापकांची थोरवी असते, पण ते तुम्हाला किती वेळा भेटणार, पहिल्या दोन महिन्यांत करिअर विकासाचा आराखडा कोण करणार, हे नसते. 'ज्ञानाची देवाणघेवाण' दुहेरी हवी. प्रयोगशाळा तुम्हाला काय शिकवणार हे सगळे लिहितात. तुम्ही तिला काय देणार, हे बहुतेकांचे एका वाक्यात उरकते. भारतात उन्हातान्हात फिरून गोळा केलेले नमुने, स्थानिक भाषांतला विदा (डेटा), एखादी विश्लेषण पद्धत, अशी ठोस वस्तू तिथे हवी.

खुल्या विज्ञानाबद्दल 'आम्ही ओपन ॲक्सेसमध्ये प्रकाशित करू' एवढे पुरत नाही. विदा कोणत्या भांडारात, कोणत्या परवान्याखाली, प्रीप्रिंट (छापण्याआधीची खुली प्रत) केव्हा, हे लिहा. संशोधनातल्या लिंगभावाच्या अंगाबद्दल 'लागू नाही' लिहायचे असेल तर का लागू नाही ते दोन ओळींत सांगा. संघात किती बायका आणि किती पुरुष आहेत, हा तो प्रश्नच नाही. प्रश्न तुमच्या विषयाचा आणि विदाचा आहे.

परिणामाच्या भागात 'या संशोधनाने समाजाला फायदा होईल' या जातीची वाक्ये खोडून टाका. कोणाला, किती काळात, कशावर अवलंबून, ते मांडा. करिअरबद्दल लिहिताना फेलोशिप संपल्यावर तुम्ही कोणत्या पदासाठी किंवा कोणत्या अनुदानासाठी उभे राहणार आणि त्यासाठी आज तुमच्याकडे काय नाही, हे प्रामाणिकपणे लिहिलेले परीक्षकांना पटते.

अंमलबजावणीत गँट तक्ता (कामांचे वेळापत्रक) असतोच, पण टप्पे आणि निष्पत्ती यांत गोंधळ असतो. निष्पत्ती म्हणजे हातात देता येणारी गोष्ट : विदासंच, पेपरचा मसुदा, अहवाल. टप्पा म्हणजे पुढे जायचे की वाट बदलायची हे ठरवणारा क्षण. जोखमीच्या तक्त्यात 'प्रयोग अयशस्वी होणे' ही जोखीम आणि 'पुन्हा करू' हा उपाय लिहिणाऱ्याला परीक्षक गुण का देईल? कोणता प्रयोग, कुठल्या कारणाने फसू शकतो, त्या वेळी कोणती पर्यायी पद्धत आणि त्याने किती आठवडे वाढतील, असे लिहा.

पाने दहाच. अकरावे पान परीक्षकाला दिसतच नाही, यंत्रणा ते झाकते. मुख्य मजकुराला अक्षर ११ पॉइंटपेक्षा लहान करू नका. तक्त्यातल्या बारीक अक्षरांत मुख्य मजकूर कोंबण्याची युक्ती परीक्षक ओळखतात आणि ती त्यांना आवडत नाही.

आता पुढचे. तुम्हाला ८५ किंवा अधिक गुण आहेत, म्हणजे 'सील ऑफ एक्सलन्स' मिळाले असेल. ते पैसे नव्हेत, पण काही देशांच्या आणि प्रांतांच्या निधी योजना या प्रमाणपत्रावर थेट फेलोशिप देतात. तुमच्या यजमान देशात तशी योजना आहे का, हे त्या देशाच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राला विचारा. अर्ज त्याच संस्थेबरोबर पुन्हा देताना कमी गुणांवर बंधन असते. तो उंबरठा पुस्तिकेत पाहून घ्या. शिवाय यजमान पोलंड, चेक प्रजासत्ताक, पोर्तुगाल, ग्रीस, हंगेरी यांसारख्या 'वायडनिंग' (संशोधनात तुलनेने मागे असलेल्या) देशांत असेल, तर त्याच अर्जावर ईआरए (युरोपियन रिसर्च एरिया) फेलोशिपसाठी फक्त एक खूण करून संमती द्यायची असते. मूळ यादीत हुकलेल्यांतून वेगळ्या निधीने ही निवड होते. वेगळे लिखाण लागत नाही. तरीही हा रकाना रिकामा सोडलेले अर्ज असतात.

प्रश्न : महिना ५,९९० युरो मिळतात असे वाचले. रुपयांत मोठी रक्कम वाटते. हातात किती येतात? माझी पत्नी आणि मुलगी पहिले वर्ष नाशिकलाच राहणार आहेत, मग कुटुंब भत्ता मिळेल का?
— वाचक, नाशिक

५,९९० युरो हा संस्थेला तुमच्यासाठी मिळणारा निर्वाह भत्ता आहे, पगार नव्हे. त्याला आधी देशाचा महागाई गुणक लागतो. त्यात ७१० युरो स्थलांतर भत्ता मिळवा. आता या बेरजेतून मालकाने भरायच्या सामाजिक विम्याचा हिस्साही जातो, मग उरलेल्यातून तुमचा हिस्सा आणि प्राप्तिकर. जर्मनीचे उदाहरण घेऊ आणि गुणक १०० टक्के धरू. ६,७०० मधून मालकाचा साधारण एकवीस टक्क्यांचा भार काढला की करारावर सुमारे ५,५०० युरोचा पगार दिसतो. अविवाहित माणसाच्या हातात त्यातून सव्वातीन ते साडेतीन हजार युरो येतात. विवाहितांचा करवर्ग वेगळा. पैसे कमी झाले असे मानू नका. त्या कपातीत आरोग्य विमा, बेकारी विमा आणि निवृत्तीची वर्गणी आहे. ही रीतसर नोकरी असते आणि तिचे हे फायदे असतात.

कुटुंब भत्ता ६६० युरो. कुटुंब सोबत येते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पत्नी आणि मुलगी नाशिकला राहिल्या तरी तुम्ही पात्र आहात. फेलोशिप चालू असताना लग्न झाले किंवा मूल झाले तरी त्या वेळेपासून तो मिळायला हवा. पुरावा म्हणून नोंदणी केलेल्या विवाहाचे प्रमाणपत्र लागते. लग्नपत्रिका आणि फोटो तिकडे चालत नाहीत. महापालिकेत नोंदणी राहिली असेल तर आत्ताच करून घ्या. संशोधन, प्रशिक्षण आणि प्रवासासाठी महिना १,००० युरो आणखी असतात, पण ते संस्थेकडे राहतात. ते तुमच्या प्रकल्पावर कसे खर्च होणार, हे रुजू होण्याआधी ईमेलवर विचारून घ्या. नंतर विचारले तर अवघडल्यासारखे होते.

व्हिसाचा एक मुद्दा पत्नीसाठी कामाचा आहे. युरोपीय संघाच्या २०१६ च्या संशोधक निर्देशाखाली आलेल्या संशोधकाच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा असते, आणि संशोधन संपल्यावर नोकरी शोधायला किमान नऊ महिने राहता येते. डेन्मार्क आणि आयर्लंड या निर्देशाबाहेर आहेत, त्यांचे नियम स्वतंत्र.

प्रश्न : मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात आहे. पदवी इथलीच घ्यायची आहे, फक्त सहा महिने परदेशी प्रयोगशाळेत काम करायचे आहे.
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

तुमच्यासाठी तीन-चार चांगल्या वाटा आहेत. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप, सहा ते नऊ महिने. अर्जाच्या वेळी भारतीय संस्थेत पीएचडीची नोंदणी होऊन किमान वर्ष झालेले असावे, आणि थीसिस परत आल्यावरच सादर करायची. ब्रिटनसाठी कॉमनवेल्थ स्प्लिट-साइट शिष्यवृत्ती, बारा महिन्यांपर्यंत. पदवी तुमच्याच विद्यापीठाची राहते. जर्मनीसाठी डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्त्या. जीवशास्त्रात असाल तर एम्बो (EMBO) या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र संघटनेच्या सायंटिफिक एक्सचेंज ग्रँट्स, तीन महिन्यांपर्यंत. भारत २०१६ पासून एम्बोचा सहयोगी सदस्य आहे.

चौघांतही गाइडची सही लागते आणि तीच सर्वांत उशिरा मिळते. विभागप्रमुख, संशोधन केंद्र, विद्यापीठाचा पीएचडी कक्ष अशी तीन टेबले आहेत हे धरून चाला. परदेशातल्या काळात तुमची शिष्यवृत्ती चालू राहते की थांबते, हेही कनिष्ठ किंवा वरिष्ठ संशोधन फेलोशिप देणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्या.

प्रश्न : फुलब्राइट पोस्टडॉक करून मला अमेरिकेतच नोकरी करायची आहे. माझा नवरा तिथे एच-१बीवर आहे. 'दोन वर्षांचा नियम' म्हणजे काय?
— वाचक, नागपूर

हा नियम समजून घेतल्याशिवाय अर्ज करू नका. फुलब्राइटवर जाणारे जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसावर जातात. अमेरिकन सरकारच्या पैशाने आलेल्या जे-१ धारकांना कलम २१२(ई) लागते : मायदेशी एकूण दोन वर्षे प्रत्यक्ष राहिल्याशिवाय एच-१बी, एल किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. एच-१बीवर असलेल्या नवऱ्याच्या नावावर मिळणारा एच-४ हा जोडीदाराचा व्हिसाही त्याच कचाट्यात येतो. जे-१ धारकाचा जोडीदार जे-२ व्हिसावर सोबत असेल तर नियम त्यालाही. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर पुन्हा जाता येते.

इथे एका बातमीने बराच गैरसमज केला आहे. मायदेशाला ज्या कौशल्यांची गरज आहे त्यांच्या जे-१ धारकांना हाच नियम लावणाऱ्या अमेरिकेच्या 'कौशल्य यादी'तून ९ डिसेंबर २०२४ पासून भारत वगळला गेला. त्यामुळे केवळ त्या यादीपायी हा नियम लागत असलेले, म्हणजे विद्यापीठाच्या पैशाने गेलेले पुष्कळ भारतीय जे-१ संशोधक त्यातून सुटले. फुलब्राइटचे पैसे सरकारी आहेत, त्यामुळे तुमच्याबाबतीत काहीच बदललेले नाही. सरकारी निधीवाल्यांना या नियमातून माफी मिळणे फार कठीण असते.

शिवाय एक वेगळा नियम आहे, त्याची यात भेसळ होते : 'संशोधक' वर्गातला जे-१ संपला की त्याच वर्गात पुन्हा येण्यासाठी २४ महिने थांबावे लागते. तो कोणाच्याही पैशाने गेलात तरी लागतो.

तुमचा हेतू तिथे स्थायिक होण्याचा आहे. मग विद्यापीठाच्या किंवा प्राध्यापकाच्या अनुदानातले पोस्टडॉक पद शोधणे बरे. फुलब्राइट परत येऊन इथे काही उभारू इच्छिणाऱ्यांसाठी आहे आणि मुलाखतीत नेमके तेच विचारतात.

प्रश्न : मी अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे, पीएचडीला नऊ वर्षे झाली. मारी क्युरीची आठ वर्षांची मर्यादा ओलांडली. मला काही उरले आहे का?
— वाचक, सातारा

उरले आहे, आणि तुमच्या नोकरीला जास्त जुळणारे आहे. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनची अनुभवी संशोधकांची फेलोशिप पीएचडीनंतर बारा वर्षांपर्यंत घेता येते. मुदत सहा ते अठरा महिने, आणि ती जास्तीत जास्त तीन मुक्कामांत विभागता येते, प्रत्येक किमान तीन महिन्यांचा. उन्हाळी सुट्टीला थोडी रजा जोडली की एक मुक्काम बसतो. अर्जाला अंतिम तारीख नाही, वर्षभर घेतात. देशांचा किंवा विषयांचा कोटाही नाही. यजमान जर्मन प्राध्यापकाचे सविस्तर मतपत्र मात्र वजनदार हवे. दोन ओळींच्या पत्राने अर्ज पडतो. निर्णयाला कित्येक महिने लागतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्याचा विचार आज करा. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू ॲकॅडमिक अँड प्रोफेशनल एक्सलन्स फेलोशिप अध्यापक, संशोधक आणि व्यावसायिकांसाठी आहे.

रजेचे पाहा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर अभ्यास रजेची तरतूद आहे, कमाल तीन वर्षे, आणि परतल्यावर किमान तीन वर्षे सेवा देण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. संस्थेचा ठराव, विद्यापीठ, सहसंचालक कार्यालय अशी फाइल फिरते. निवडपत्र आल्यावर ती सुरू करणारे अडकतात. अर्ज करतानाच तत्त्वतः मान्यतेचा ठराव मागून ठेवा. फेलोशिपच्या काळात पगाराचे काय आणि वेतनवाढ, ज्येष्ठता धरणार का, हे रजेच्या आदेशातच लिहून घ्या. तोंडी आश्वासन देणारे प्राचार्य तोवर निवृत्त झालेले असतात.

प्रश्न : माझ्या पासपोर्टवर सासरचे आडनाव, पदव्यांवर माहेरचे, पेपर तर फक्त नाव आणि आद्याक्षरांवर. यजमान संस्था 'ही एकच व्यक्ती आहे का' असे विचारते आहे.
— वाचक, पणजी

आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, कधी आईचेही. परदेशी कारकून पहिला शब्द नाव समजतो आणि गडबड सुरू होते. नियम एकच ठेवा : अर्ज, करार, व्हिसा, तिकीट सगळीकडे पासपोर्टवरचे नाव, अक्षरन् अक्षर. बाकीच्या नावांसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि ते पुरेसे नसेल तर एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे नोटरीकडचे प्रतिज्ञापत्र. नाव औपचारिक बदलले असेल तर राजपत्रातली नोंद. ऑर्किड (ORCID) हा संशोधकांचा जागतिक ओळख क्रमांक काढून त्यात सगळी जुनी नावे घाला, म्हणजे पेपरांचा प्रश्न मिटतो.

पदवी आणि विवाह प्रमाणपत्रांवर अपोस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणूनचा शिक्का) लागेल का हे संस्थेला आधीच विचारा. आधी राज्य पातळीवरचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा क्रम आहे. विद्यापीठाकडून पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तीन महिने हाताशी ठेवा. पदवी प्रमाणपत्र लॅमिनेट केले असेल तर त्यावर शिक्का बसत नाही, आणि मग विद्यापीठाकडे दुसरी प्रत मागत बसावे लागते.

प्रश्न : सामाजिक न्याय मंत्रालयाच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीवर ब्रिटनमध्ये पीएचडी करायची आहे. विषय, विदर्भातल्या भूमिहीन मजुरांचे स्थलांतर.
— वाचक, यवतमाळ

विषयावरच अडेल. २०२२ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित समाजशास्त्रीय विषय या शिष्यवृत्तीत बसत नाहीत. ही तरतूद आम्हाला न पटणारी आहे, कारण या शिष्यवृत्तीच्या लाभार्थ्यांना याच प्रश्नांची सर्वांत जवळून जाण असते. पण छाननी नियमाप्रमाणेच होते. बाकीच्या अटी म्हणजे वय ३५ च्या आत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, पात्रता परीक्षेत ६० टक्के. एकूण १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. विषय बदलायचा नसेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती या दोन वाटा आधी तपासा.

प्रश्न : दोन वर्षांचे पोस्टडॉक संपत आले. भारतात परतायचे आहे. कायम नोकरी मिळेपर्यंत काही आहे का?
— वाचक, सध्या ल्युव्हेन

परदेशात काम करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या संशोधकांसाठी रामानुजन फेलोशिप आहे. पाच वर्षे, महिना १,३५,००० रुपये आणि वर्षाला सात लाखांचे संशोधन अनुदान. पूर्वी ती एसईआरबीकडे (विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे) होती, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे. इन्स्पायर फॅकल्टीला महिना १,२५,००० रुपये आणि वर्षाला सात लाख, पण वयाची मर्यादा ३२, अनुसूचित जाती-जमातींना सवलत. जीववैद्यकातल्यांनी रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्स पाहावेत.

यातल्या बहुतेकांना भारतीय यजमान संस्थेची संमती लागते. ती मागताना तीन गोष्टी लेखी विचारा : बसायला जागा आणि प्रयोगशाळा कोणती, पीएचडीचे विद्यार्थी घेता येतील का, आणि पाच वर्षांनंतर कायम पदासाठी विचार होईल की नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' किंवा मौन असते. फेलोशिप असल्याने नोकरी हक्काने मिळत नाही, म्हणून विद्यापीठे आणि आयसर, एनआयटी यांच्या जाहिरातींना अर्ज करणे पहिल्या वर्षापासूनच सुरू ठेवा. अर्ज परतण्याच्या किमान एक वर्ष आधी करा. एकदा भारतात येऊन रुजू झालात की परदेशात काम करण्याची अट तुटते आणि रामानुजनचे दार बंद होते.